टोपऱ्यावरून घेतलेलं माप

अजूनही दुपारी जेवून जरा डोळा लागला, की मला डोकी दिसतात. दचकू नका हो, बाळांची डोकी. काही टकली, काही काळ्याभोर जावळाची, काही तेलाने इतकी माखलेली की टेप सटकून नाकावर येते. ओहोटीला पाणी लांब गेलं की आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावर ओली वाळू उघडी पडते ना, तिच्यावर ती ओळीने मांडलेली असतात आणि मी वाकून एकेकाचं माप घेत पुढे सरकत असते. ओळ संपत नाही, मलाही घाई नसते. मग शेजारच्या खोलीतून आमचे हे ओरडतात, "अगं, झोपेत आकडे काय बडबडतेस? लोकांना वाटेल नर्सबाई मटका खेळते!" रेल्वेत तिकिटं तपासून निवृत्त झालेला माणूस, त्यांना लोकांच्या झोपा मोडायची सवयच आहे.

मी उपकेंद्रावरची नर्स. मोठ्या इस्पितळातली पांढरी टोपीवाली नव्हे. गावातल्या दोन खोल्यांच्या केंद्रात बसायचं, लसी टोचायच्या, गरोदर बायांचं रक्त तपासायचं, आणि दुपारनंतर पिशवी उचलून पाड्यापाड्यांवर हिंडायचं. पहिली बरीच वर्षं तलासरी तालुक्यात, उधव्याच्या बाजूला काढली. तिथे एका घरात तीन भाषा चालतात. बाई नवऱ्याशी एक बोलते, दुकानदाराशी गुजराती बोलते आणि माझ्याशी मराठी. जीपच्या मागच्या बाकावर बसून डुलक्या घेत घेत मी त्या तिन्ही अर्ध्याअर्ध्या शिकले.

डोकं मोजायचं काम दिसायला एकदम फालतू. शिंप्याची असते तशी टेप. भुवयांच्या वरून घ्यायची, कानांच्या वरून न्यायची, मागे डोकं सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथून फिरवून पुढे आणायची. तीनदा घ्यायचं आणि सगळ्यात मोठं माप लिहायचं. हे कशासाठी, तर बाळाची कवटी आपली आपण वाढत नाही, आतला मेंदू वाढतो आणि तिला ढकलतो. मेंदू आपल्याला दिसत नाही, म्हणून बाहेरून त्याची खबर घ्यायची. पूर्ण दिवसांच्या बाळाचं बहुतेक तेहेतीस ते पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. उधव्याला एक म्हातारे आजोबा दर महिन्याला नातवंडांच्या मागे रांगेत उभे राहायचे. "बाय, माझा पण मोज ना." मी मोजायची. "वाढला का?" मी म्हणायची, "नाही आजोबा, तेवढंच आहे." ते समाधानाने मान हलवून घरी जायचे. डोकं वाढलं तर टोपी नवी घ्यावी लागेल, ही त्यांची काळजी.

गंमत सांगितली, आता जे सांगायचं ते सांगते. त्यासाठीच लिहायला बसले आहे.

माझी बदली चिंचणीकडे झाली. समुद्राकाठी मच्छीमारांची वस्ती, अंगणापुढे बांबूच्या वलांड्या, म्हणजे आडवे बांबू बांधून केलेल्या मांडवासारख्या उंच रांगा, आणि त्यांवर वाळत घातलेले बोंबील. पुरुष बोटीवर, नाहीतर तारापूरच्या कारखान्यांत. बाया मासळी सुकवतात, विकतात आणि घर चालवतात. त्या वस्तीत सुषमा नावाची मुलगी होती. तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं. मुलगी झाली. जुई.

मी घरी गेले तो पाचवीचा दिवस होता. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाट मांडला होता. त्यावर हळदकुंकू, कोरा कागद आणि नवं कोरं पेन. सुषमाची सासू जनाबाय, अंगाने आडवी, आवाज लाटेच्या वरचा. मला बघून म्हणाली, "या नर्सबाय, आधी तुम्ही लिवा, मग सटवी लिवंल." बाळाला लोकरीचं टोपरं घातलेलं, हनुवटीखाली नाडी बांधलेली. बाहेर जीपवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मी टेप टोपऱ्यावरूनच फिरवली. जनाबायला पाचवीच्या दिवशी बाळाचं कपाळ उघडं करायचं नव्हतं, आणि मीही हुज्जत घातली नाही. आकडा टोपऱ्याच्या घडीत लपला होता. कार्डावर लिहायला माझं पेन चालेना. मी पाटावरचं सटवाईचं पेन उचललं आणि चौतीस लिहिलं.

चौतीस का? अहो, चौतीसच असतं! शंभर बाळांची मापं घेतली की हात आपोआप तिकडे वळतो. त्या दिवसापर्यंत मला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

जुई वर्षाची झाली तरी बसेना. हाक मारली की हसायची, फार गोड हसायची, पण वस्तू हातात धरायची नाही. चेहरा वाढत होता, कपाळ मात्र मागे उतरत गेल्यासारखं दिसत होतं. मी टेप लावली, या वेळी उघड्या डोक्याला. माप इतकं कमी होतं की मी तीनदा नाही, पाचदा घेतलं. अशा पोराचं डोकं जन्मतः चौतीस असणंच शक्य नव्हतं. मला ते त्याच मिनिटाला कळलं. मी तोंड उघडलं नाही.

आणि जनाबायने त्याच चौतिसावरून निकाल लावून टाकला. पोर चांगली जन्मली, नर्सबायने स्वतःच्या हाताने लिहिलंय, तेही सटवीच्या पेनाने. म्हणजे बिघडलं ते नंतर. आणि नंतर काय झालं? सुषमा दीड महिन्यातच पोरीला टोपलीत घालून वलांडीवर कामाला गेली. "उन्हात पोरीचं डोकं सुकलं," जनाबाय अख्ख्या वस्तीला सांगत सुटली. "बोंबील सुकतो ना, तसं. आईनेच सुकवलं!" कामाला जा म्हणून तिनेच पाठवलं होतं, पण ते सांगायची सुषमाची हिंमत नव्हती. पाण्यावर बायका तिच्याकडे बघून गप्प व्हायच्या. तिचा नवरा रमण कारखान्यात जाणारा, सरळ, पण आईपुढे मुका. दोन वर्षं हे चाललं. मग ठरलं की सुषमाच्या भावाला बोलवायचं, त्याने तिला घेऊन जावं, आणि रमणचं दुसरं लग्न जनाबायच्या भावाच्या मुलीशी लावावं. जुईचं काय, हा प्रश्न कुणी काढलाच नाही.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी बोलायचं होतंस. नाही बोलले. त्याऐवजी दुसऱ्या बाजूने जायचा मार्ग शोधला, कारण माझी अब्रू मला सुषमापेक्षा जवळची होती. कासाच्या दवाखान्यात मुंबईहून एक डॉक्टरबाई तपासणीला येतात असं कळलं होतं, त्या अशाच मुलांचं रक्त बघायच्या. मी रमणला म्हटलं, चल, भाऊ यायच्या आधी एकदा कारण तरी कळू दे. तो कसाबसा तयार झाला.

जीपने गेलो. चारोटीच्या वळणापर्यंत दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, हवेत पिकल्या फळांचा गुंगी आणणारा वास. जुई सुषमाच्या मांडीवर झोपली होती आणि सुषमाने तिच्या डोक्यावर हात असा ठेवला होता, की बघणाऱ्याला फक्त हात दिसावा. डॉक्टरबाईंनी तिघांचं रक्त घेतलं. अहवाल यायला बरेच आठवडे लागले. आला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो, आणि त्यांनी लॅपटॉप आमच्याकडे फिरवून एक चित्रफीत दाखवली. नर्सिंगच्या अभ्यासात पेशी म्हणजे मी वहीत काढलेलं गोल होतं, मधे ठिपका. ही पेशी हलत होती!

तिच्या आत दोऱ्या होत्या, आणि दोरीवरून काहीतरी चालत होतं. खरोखर चालत, एक पाऊल, मग दुसरं, डोक्यावर आपल्यापेक्षा मोठं ओझं. सुषमा पुढे वाकली आणि पहिल्यांदाच आपण होऊन बोलली, "पाटी घेऊन बाजाराला चालली ही."

डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, अगदी बरोबर. ही प्रथिनंच असतात, पण मोटारीसारखी काम करतात, म्हणून त्यांना मोटर प्रथिनं म्हणतात. पेशीतलं सामान इकडून तिकडे नेतात. त्यांतलं एक, त्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते त्याचं नाव केआयएफ चौदा, ते पेशीचं विभाजन होताना शेवटच्या क्षणी लागतं. एका पेशीच्या दोन होताना आधी आतलं सगळं दुप्पट होतं, मग दोन बाजूंना जातं, मग मधे कंबर आवळली जाते. सगळ्यात शेवटी एक बारीकसा पूल उरतो आणि तो तुटला की दोघी मोकळ्या. हे चौदा नंबरचं प्रथिन त्या पुलापाशी जाऊन तोडायची तयारी करतं. ते बिघडलं, की तो पूल नीट तुटत नाही. दोघी पुन्हा एकीत मिसळतात, किंवा मरून जातात.

"गर्भात मेंदू तयार होतो तेव्हा पेशींना फार वेळा दुप्पट व्हावं लागतं," त्या म्हणाल्या. "इथे प्रत्येक वेळी थोड्या कमी पडत गेल्या. मेंदू लहान राहिला. म्हणून डोकं लहान. हे पोटात असतानाच झालंय. जन्मानंतर कुणी काही केल्याने नाही."

सुषमाने विचारलं, "उन्हाने नाय?"

"उन्हाने नाही, कामाने नाही, कशानेच नाही. या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी निभावून नेते, म्हणून तुम्ही दोघं ठणठणीत. तुमच्यात एकेक बिघडलेली आहे आणि जुईकडे नेमक्या त्याच दोन आल्या. पुढच्या खेपेलाही चारात एक एवढा धोका राहील, पण आता पोटात असतानाच तपासता येतं." रमणने आपल्या हातांकडे पाहिलं. दुसऱ्या लग्नाचं मीच विचारलं. त्या म्हणाल्या, जवळच्या नात्यातल्या मुलीत तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव परक्या मुलीपेक्षा जास्त.

मग त्यांनी कार्ड चाळलं आणि थबकल्या. "जन्माचं माप चौतीस? असं कसं? ही नोंद कुणाची?"

मी म्हटलं, "आमच्याकडचीच." इतकं चोरटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

परतताना जीपमध्ये डोळा लागला. स्वप्नात चिंचणीचा समुद्र होता आणि क्षितिजापर्यंत ताणलेल्या दोऱ्या. त्यांवरून बाया चालल्या होत्या, डोक्यावर पाट्या, पायांचा आवाज नाही, पदर वाऱ्यावर. एकही पडत नव्हती. फार सुंदर दिसत होतं. इतकं सुंदर की मी स्वप्नातच रडत होते, आणि जागी झाले तेव्हा सुषमा माझा खांदा हलवत म्हणत होती, "नर्सबाय, उतरायचंय."

भाऊ रविवारी यायचा होता. रविवारी सकाळी मी अहवाल घेऊन त्यांच्या घरी गेले. भाऊ आधीच येऊन ओटीवर बसला होता, पायापाशी सुषमाची कपड्यांची पिशवी बांधून ठेवलेली. जनाबाय वलांडीखाली उभी राहून सुकलेले बोंबील उतरवत होती. बोंबील वाळत घालताना दोघांची तोंडं एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी बांबूवर टाकतात, एक इकडे, एक तिकडे. उतरवल्यावर झटका देऊन सोडवायचे. मी तिला तिथेच सगळं समजावलं. म्हटलं, "जनाबाय, ही जोडी आहे ना, तुम्ही झटका देता म्हणून सुटते. जुईच्या पेशींना झटका देणारंच कुणी नव्हतं. त्या अडकून राहिल्या. पोटात असतानाच."

तिने हातातली जोडी सोडवली, टोपलीत टाकली, दुसरी घेतली. "ते मुंबईच्या बाईचं झालं. ती कुठे होती पाचवीला? तुम्ही होतात. तुम्ही चौतीस लिवलंत. सटवीच्या पेनाने लिवलेलं खोटं असतं काय?"

बघा, आता पळायला जागा नव्हती. रमण दारात होता. सुषमा जुईला कडेवर घेऊन त्याच्या मागे. भावाने पिशवीचा पट्टा हातात धरला होता. माझ्या नोकरीची तीस वर्षं, माझं "नर्सबाय म्हणेल तसं", सगळं त्या अंगणात उभं होतं.

"खोटं आहे," मी म्हटलं. "मी मोजलंच नाही. टोपऱ्यावरून टेप फिरवली आणि मनाने लिहिलं. तुम्ही टोपरं काढू दिलं नाहीत आणि मीही आग्रह धरला नाही. पोर जन्मलीच लहान डोक्याची. सुषमाचा काडीचा दोष नाही. दोष माझ्या आकड्याचा आहे."

जनाबाय खाली बसली, टोपलीच्या काठावर हात ठेवून. "मी काढू दिलं नाय? पाचवी होती... असंल बाय, मीच नको म्हटलं असंल." मग एकदम तिचा आवाज चढला. "आणि दोन वर्षं तुम्ही चहा पिऊन जायचात माझ्या घरात! मी हिला चारचौघांत काय काय बोलले, तुमच्या कानावर नाय आलं? जीभ झडली होती तुमची?"

मी म्हटलं, "झडली होती."

तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "आमच्या रमणकडनं पण आलंय?"

"अर्धं त्याच्याकडून, अर्धं सुषमाकडून. आणि त्याच्यात कुठून आलं, तुमच्याकडून की त्याच्या बापाकडून, ते सांगता येणार नाही."

"म्हणजे माझ्या भावाची पोर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. उठली, ओटीवर गेली, सुषमाच्या भावाच्या हातातला पट्टा सोडवून पिशवी आत नेऊन ठेवली. बाहेर येऊन त्याला म्हणाली, "दादा, जेवल्याशिवाय जाऊ नका." मग सुषमाच्या कडेवरून जुईला उचललं आणि तिच्या उघड्या डोक्यावर हात फिरवत तशीच समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. सुषमाला ती काहीच बोलली नाही. माफी मागणं त्या बाईला ठाऊकच नव्हतं. मला मात्र वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "तुम्ही जा आता."

मी वरिष्ठांना लिहून दिलं. चौकशी झाली, लेखी समज मिळाली, वस्तीत वर्षभर मला कुणी पाणी विचारलं नाही, आणि ते योग्यच होतं. सुषमा सासरीच राहिली. रमणने दुसरं लग्न केलं नाही. पुढे त्यांना मुलगा झाला, पोटात असतानाच तपासलेला, धट्टाकट्टा. जुई उशिरा चालायला लागली, शब्द पाच-सहाच बोलते, पण वलांडीखाली आजीच्या मागे मागे हिंडते आणि आजी तिला नजरेआड होऊ देत नाही.

पण त्या रविवारचं थोडं सांगायचं राहिलं. मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. मनात कुठेतरी हलकं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? कबूल केलं म्हणजे मोठी फेड केली, असं काहीसं. तेवढ्यात सुषमा धावत आली. हातात कागदात बांधलेले बोंबील. माझ्या पिशवीत कोंबले आणि धापा टाकत म्हणाली, "नर्सबाय, एक सांगू? रागावू नका. सासूबायने टोपरं धरलं नव्हतं. त्या आत नैवेद्य करत होत्या. मी नाडी सोडत होते. तुम्हीच म्हणालात, राहू दे गं, मला बघूनच कळतं."

इतकी वर्षं मी ते जनाबायच्या तोंडी घालून ठेवलं होतं, आणि मला खरोखर तसंच आठवत होतं. मी कसंबसं म्हटलं, "मग दोन वर्षं तू गप्प का राहिलीस? मघाशी तरी सगळ्यांसमोर सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर सासूबायने तुम्हाला घरात पाऊल टाकू दिलं नसतं," ती म्हणाली. "मग माझ्या जुईला बघायला कोण आलं असतं?"

एसटी आली. रविवार असल्यामुळे आत जागाच जागा होती. मी डहाणूपर्यंत उभीच राहिले.